लाल झालेला बदाम

नथूभाऊंच्या रेणुकेनं चाकणच्या कंपनीत सोबत काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. तो जातीतला नव्हता. दोघं पाया पडायला आली तेव्हा नथूभाऊंनी त्यांना ओटीवरही चढू दिलं नाही. "आमाला पोरगी न्हाई," असं ते अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. त्यांची बायको मुक्ताबाई आत तोंडात पदर कोंबून बसली होती. त्या दिवसापासून घरात मुलीचं नाव बंद झालं.

आंदर मावळात भाऊंची थोडी भातशेती आणि चार म्हशी. रोज सकाळी ते दूध घेऊन कान्ह्याला जायचे. तिथल्या मोबाइलच्या दुकानात त्यांनी एकदा हळूच विचारलं, "ह्याच्यात मानसं सापडत्यात म्हनं?" दुकानदारानं त्यांना इन्स्टाग्रामचं खातं काढून दिलं आणि रेणुका सापडली. मग म्हशी माळावर सोडल्या की भाऊ झाडाखाली बसून लेकीचा संसार पाहायचे. तिच्या खिडकीतली तुळस. डोहाळजेवणातली हिरवी साडी. पुढं बाळ.

माळावरच त्यांना शुभदा भेटली. ही लोणावळ्याची मुलगी. गावाकडची माणसं इंटरनेट कसं वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेसाठी ती वाड्यावस्त्यांवर प्रश्न विचारत फिरायची.

"भाऊ, इन्स्टावर काय बघता?"

"पोरीला बघतो."

"मग लाइक करता की नाही? हा बदाम दाबला की लाल होतो. तुम्हाला आवडलं हे तिला कळतं."

"माजं नाव दिसतं तिला?"

"दिसतं ना."

भाऊंनी बोट मागं घेतलं. "मग न्हाई. कदीच न्हाई केलं."

पण ते त्यांच्या डोक्यातून जाईना. थोड्या दिवसांनी बाळाच्या उष्टावणाचा फोटो आला. पहिला घास मामानं भरवायचा; रेणुकेला भाऊ नव्हता, म्हणजे तो मान आजोबाचा, यांचा. बाळ कुणा परक्याच माणसाच्या मांडीवर बसलं होतं, हनुवटीला खीर लागलेली. भाऊंनी धोतराला बोट पुसलं आणि बदाम दाबला.

दुसऱ्या दिवशी रेणुकेचं खातं दिसेना.

शुभदा पुढच्या फेरीला आली तेव्हा भाऊ ओटीवरच होते. "रेंज नसंल," ते म्हणाले. "तुमच्या फोनात बगा बरं."

तिच्या फोनवर खातं लगेच उघडलं. बाळ रांगायला लागलं होतं.

"भाऊ, खातं आहे. तिनं फक्त तुमच्यापुरतं बंद केलंय."

"माज्यापुरतं," भाऊ म्हणाले. शुभदानं फोन पुढं केला तेव्हा त्यांनी मान फिरवली. "नको. तिला नको असंल तर चोरून कशापायी बगू?"

मुक्ताबाई चहा घेऊन दारात उभी होती. "कुनाला बगताय?"

शुभदानं फोन तिच्या हातात दिला.

"ह्यो आपल्या रेणूचा?"

"हो मावशी."

तिनं बाळाच्या गालाला बोट लावलं आणि फोटो सरकला. "गेला का?" ती घाबरून म्हणाली. शुभदानं तो परत आणून दिला. मुक्ताबाईनं डोळे भरून पाहिलं, मग नवऱ्याकडं वळली. "तुमी कवापासनं बगताय?"

"लय दिस झालं."

"मी तुमच्या भ्यानं तिचं नाव मनातल्या मनात घ्यायचे. आन् तुमी तितं माळावर बसून एकलेच बगत हुता?"

चहा तसाच निवला.

शुभदानं त्याच दिवशी रेणुकेला भेटीबद्दल निरोप धाडला. उत्तर आलं, "आईला येऊ द्या. बाबांना नको." शुभदानं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.

मुक्ताबाई निघाली त्या सकाळी भाऊ पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आले. पिशवीत तूप होतं, बाळाला झबली होती. नवरा-बायकोचं बोलणं तसंही कमीच झालं होतं. गाडी आली, मुक्ताबाई खिडकीशी बसली. भाऊंनी पिशवी आत दिली.

"बाळाला तुमचं काय सांगू?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," भाऊ म्हणाले. "नीट जा."