धोंडुबाईची तांबडी माती

शाहू महाराजांच्या राज्यात, एकोणीसशे सालानंतर पाच-सहा वर्षांनी, कळंब्याच्या वाटेवर एका साहेबानं डुकरं पाळायला काढली. छावणीतल्या गोऱ्या लोकांना मांस हवं होतं. आपल्याकडची डुकरं उकिरड्यावर फिरतात, याची साहेबाला शिसारी. म्हणून त्यानं विलायती डुकरिणी आणवल्या आणि त्यांच्यासाठी घडीव दगडाच्या फरशीचा, चुना दिलेला गोठा बांधला. कोल्हापुरात पुष्कळ माणसांची घरं तेव्हा शेणानं सारवलेली होती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

फरशी घातली ज्ञानू वडारानं. त्याचं वय झालं होतं. हे त्याचं शेवटचं मोठं काम. येणाऱ्याजाणाऱ्याला तो फरशी दाखवी आणि डुकरं मध्ये आली तर त्यांना हाकलून दाखवी. डुकरं सांभाळायला होती त्याची बायको धोंडुबाई. दोघांना गोठ्याशेजारी एक खोपट मिळालं होतं. धोंडुबाईचा सगळा जन्म वडारवाड्यातल्या डुकरांत गेलेला. ती कमी बोलायची, आणि बोलली की समोरच्याला झोंबेल असंच.

पहिल्या वेताला नऊ पिल्लं झाली. तीन आठवड्यांत ती पांढरीफटक पडली, धापा टाकू लागली आणि एकेक करून मेली. दुसऱ्या वेताला आठ झाली, त्यातली सात गेली. डुकरिणींची पेंड ही बाईच चोरून घरी नेते, असं मुकादम गणपतरावांनी ठरवून टाकलं.

"तिसरं वेत गेलं की बिऱ्हाड उचलायचं. ज्ञानूसकट," ते म्हणाले.

दुसऱ्या वेतातलं जगलेलं पिल्लू रोज मोरीतून बाहेर निसटायचं आणि ओढ्याकाठच्या दरडीची तांबडी माती उकरून खायचं. धोंडुबाईनं ते पाहिलं होतं. वडारवाड्यातली पिल्लंही दिवसभर माती उकरत आणि धडधाकट जगत. तिनं गणपतरावांना सांगितलं, "राव, पिल्लांस्नी माती पायजे."

"मातीच नगं म्हणून सायबानं फरशी घातली, आन् तू माती चारतीस व्हय?" गणपतराव पोट धरून हसले. मुकादमांना हसू लवकर यायचं, अक्कल जरा सावकाश.

तिसऱ्या वेताला दहा झाली. चौथ्या दिवसापासून धोंडुबाई पहाटे दरडीची पाटीभर माती आणून गोठ्याच्या कोपऱ्यात ओतू लागली. पिल्लं तिच्यात तोंडं खुपसत. मुकादमांची फेरी यायच्या आत ती सगळं झाडून, फरशी धुऊन काढी.

"माझ्या फरशीवर चिखूल करतीस?" ज्ञानू भडकला.

"तुमची फरशी न्हाय पिल्लं जगवत," ती म्हणाली. त्यानंतर पंधरा दिवस नवराबायकोत बोलणं नव्हतं.

डुकरिणीच्या दुधात लोह फार थोडं असतं आणि तांबड्या मातीतून पिल्लाला ते मिळतं, हे आज कुणीही पशुवैद्य सांगेल. आता तर पिल्लांना त्याची सुईच टोचतात. धोंडुबाईला लोह वगैरे ठाऊक नव्हतं. ती पिल्लू उचलून त्याचा कान उन्हात धरी. कानात लाली दिसली की खाली ठेवी. पाच आठवडे झाले, दहाच्या दहा जिवंत होती.

साहेब पाहायला आला. फरशी आता चांगली मुरली म्हणून पिल्लं जगली, असं गणपतरावांनी त्याला समजावलं. साहेब खूष झाला. आणखी चार गोठे बांधा, त्यांत अशीच फरशी घाला, असा कारागीर साऱ्या संस्थानात नाही, असं तो म्हणाला. गणपतरावांनी ते मराठीत सांगितलं, तेव्हा ज्ञानूचे डोळे भरून आले. उभ्या जन्मात त्याच्या कामाला कुणी असं म्हटलं नव्हतं.

धोंडुबाईनं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं ते मिटलं. ज्ञानूला तिचं ते गप्प राहणं सोसलं नाही. तो खोपटात गेला आणि पहार घेऊन आला.

"सायबास्नी सांगा," तो गणपतरावांना म्हणाला, "ह्या फरशीपायी सोळा मेली. ही दहा माझ्या बायकोनं माती घालून जगिवली."

गणपतरावांनी ते इंग्रजीत सांगितलंच नाही. तेव्हा ज्ञानूनं कोपऱ्यातल्या चिऱ्याच्या सांध्यात पहार घातली आणि सगळा भार टाकला. चिरा हलला. खालची ओली तांबडी माती दिसताच पिल्लं तिच्यावर तुटून पडली. साहेबानं उकिडवं बसून ते पाहिलं आणि हातानं खूण केली: काढा.

ज्ञानू रडत होता, लपवतही नव्हता. चिरा एकट्याला उचलेना.

"उगा रडू नगासा," धोंडुबाई म्हणाली आणि तिनं चिऱ्याची दुसरी बाजू धरली.