नागोरावचं कराचीचं छप्पर

बाभुळगावात नागोरावसारखा थापाड्या नाही, असं आमची सारी वस्ती मानायची, आणि मानणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढं होतो. माणूस तसा साधा, कापसाच्या जिनात रुईच्या गाठींवर मार्का रंगवायचा. पण लढाईच्या काळात फौजेच्या मजूर पलटणीतून कराचीला जाऊन आला होता आणि येताना एक गोष्ट घेऊन आला होता. तिथं म्हणे इंग्रजांनी साडेआठशे फूट लांब काळं छप्पर उभारलं होतं, आभाळात उडणारं जहाज ठेवायला. जहाज वाटेतच जळालं, कराचीला पोचलंच नाही. छप्पर तेवढं उभं, आणि त्यात नागोराव झाडू मारत होता.

वस्तीचा पंच देवराव त्याला विचारायचा, उडणाऱ्या जहाजाला चारा कोणता लागतो? नागोराव त्यावरही हसायचा. पण एकदा बाजारात बायांनी चिडवलं, तेव्हा त्याची बायको पंचफुला घरी येऊन म्हणाली, एक तर ते छप्पर दाखवा, नाही तर त्याचं नाव काढू नका. हे मात्र त्याला लागलं. गाव हसलं तर हसू दे, बायकोनं तरी खरं मानावं, एवढंच त्याला हवं होतं.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात तो कामाला बसला. शंभर फुटाला स्वतःची एक वीत, असं माप धरलं. बांबूच्या कामट्या, शाळेची रद्दी, मैद्याची खळ. मैदा नासला म्हणून पंचफुला बडबडायची आणि बडबडत खळ ढवळायची. छपराला आतून आधार देणाऱ्या कैच्या त्यानं चारदा उपटून पुन्हा लावल्या, कारण कराचीत मोजलेला आकडा जुळत नव्हता. तीन महिने गेले. शेवटचा पांढरा कागद चिकटवून त्यानं छप्पर अंगणात वाळत ठेवलं आणि काळा रंग मागायला जिनात गेला.

इथंच घोटाळा झाला. दोन वर्षांपूर्वी आम्ही दीक्षा घेतली होती, जुने देव घरातून गेले होते आणि विहार बांधायचं ठरलं होतं. पण विहार दिसतो कसा, ते आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. कळस नको, शिखर नको, एवढंच माहीत. म्हाताऱ्या रुखमाबाईंनी अंगणात ते पांढरं, लांबलचक, बिनकळसाचं पाहिलं आणि विहाराचा नमुना समजून झेंडूची दोन फुलं वाहून हात जोडले. नागोराव रंगाचा डबा घेऊन परत येतो तो सारी वस्ती जमलेली, आणि देवराव चपला काढून छपरापुढं वाकलेला.

नागोरावनं डबा मागं लपवला. दोन दिवस तो मुकाट मजा बघत राहिला. विहारात माणसं किती बसतील, असं देवरावनं विचारलं तेव्हा गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, आत अख्खं बाभुळगाव मावते.

त्याच अंगणात भरलेल्या विहाराच्या बैठकीत मात्र हाच नमुना पक्का व्हायला लागला, तसं त्याला राहवलं नाही. उठून त्यानं खरं सांगितलं, हा विहार नाही, कराचीचं छप्पर आहे.

“झालं, निंगाली याची कराची,” देवराव म्हणाला. सगळे हसले. मी तर पोट धरून हसलो. नागोराव खाली बसला, त्याचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा बायांमधून पंचफुला उठली. “खरं बोलून राह्यले ते. आत वाकून पाहा. बाहेरून दिसतही नाही, अशा कैच्या मोजून लावल्या यायनं. थापा मारणारा माणूस न दिसणारं कायले मोजत बसन?”

देवराव वाकला. बराच वेळ उठलाच नाही. मग मी वाकलो, आणि मला माझीच लाज वाटली.

विहार त्याच नमुन्याचा बांधला, अर्थात कराचीच्या छपराहून लहान. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, हे कुठलं बांधकाम? देवराव कराचीची सगळी हकीकत सांगतो. पाहुणा हसला, की त्याला हाताला धरून नागोरावच्या घरी नेतो आणि त्या छपरापुढं वाकायला लावतो.