राव डॉक्टरांचे तास

सर्जिकल सामानाच्या दुकानात एक गंमत असते. बाकीच्या धंद्यात गिऱ्हाईक बिल होईपर्यंत बोलतं. डॉक्टर मात्र बिल झाल्यावर बोलायला लागतो! दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून तुंबलेला असतो बिचारा. जॉर्ज टाउनमधल्या माझ्या दुकानात त्यासाठी एक जादा स्टूल ठेवलंय. मग किस्से साठणार नाहीत तर काय! जुना माल निदान सेलमध्ये काढता येतो, किस्से कुठे काढणार?

त्यातले बरेचसे राव डॉक्टरांचे. दवाखाना वेस्ट मांबलमला, वय सत्तरीला टेकलेलं. तंजावरकडचे मराठी. बोलता बोलता मराठीतून तमिळमध्ये शिरायचे आणि परत यायचे, मध्ये ब्रेक म्हणून नाही. त्यांच्या पत्नी कमलामामी. इकडे तमिळ मुलखात वयानं मोठ्या बाईला मामीच म्हणायची पद्धत. मामींचं एकच म्हणणं, "पुरे झाला तो दवाखाना. कोइमतूरला मुलीकडे जाऊन राहू."

त्यात मेडिकल कौन्सिलचा नियम आला. डॉक्टरांनी दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, आणि त्यासाठी ठरावीक तास लेक्चरं ऐकल्याची सर्टिफिकेटं जोडायची. सीएमई म्हणतात त्याला. तास भरले नाहीत तर दवाखाना बंद.

मामींनी ही बातमी ऐकली आणि देवापुढे तुपाचा दिवा लावला!

*

राव डॉक्टर तणतणत दुकानात आले.

"शेट, पास होऊन चाळीस वर्षं होऊन गेली. आता परत शाळा?"

"अहो डॉक्टर, परीक्षा नाही काही नाही. नुसतं बसून ऐकायचं."

"तेच तर अवघड! इतकी वर्षं मी बोलतोय आणि पेशंट ऐकतोय. ऐकायची सवय राहिलीय कुणाला?"

*

ही लेक्चरं रविवारी असत, कुठल्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये. हॉलबाहेर आम्हा व्यापाऱ्यांचे स्टॉल. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, पण दारातून कानावर पडलेलं धरलं तर माझे तास कुणाहीपेक्षा जास्त भरतील.

रिवाज असा की सकाळी एक सही, संध्याकाळी एक सही. मधल्या वेळात निम्मे जेवणाच्या रांगेत, निम्मे घरी. राव डॉक्टरांना हा रिवाज कुणी सांगितलाच नव्हता! पहिल्याच रविवारी ते पुढच्या रांगेत ठाण मांडून बसले. जेवण झालं, हॉल रिकामा. बोलणारा तरुण डॉक्टर आणि ऐकणारे राव, बस्स.

तो बिचारा अदबीनं म्हणाला, "सर, आपण दोघंच आहोत. थोडक्यात आटपू का?"

"का बरं? वेटिंग रूममध्ये एकच पेशंट आहे म्हणून मी त्याला कधी अर्धाच तपासला नाही!"

त्या पोरानं घाम पुसत तासभर लेक्चर दिलं. एसी चालू होता.

*

या रिकाम्या हॉलवर औषध मी काढलं. आयोजक होत्या मीनाक्षी मॅडम, मुलांच्या डॉक्टर. त्या माझ्या स्टॉलपाशी येऊन हळहळत होत्या, "काय करू शेट? कुणी बसतच नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मी फुकट देतो त्या बॅगा सकाळी वाटू नका. शेवटचं लेक्चर संपलं की हॉलच्या आत वाटू."

पुढच्या वेळी शेवटच्या लेक्चरला माणसं भिंतीला टेकून उभी! वक्ते बंगलोरहून आले होते, त्यांनी हात जोडले. म्हणाले, "संध्याकाळी पाच वाजता एवढी ज्ञानाची ओढ मी कुठल्याही शहरात पाहिली नाही!"

मी आपला बॅगांची धूळ झटकत राहिलो.

*

एका रविवारी मीनाक्षी मॅडमच बोलल्या. बाळाला जुलाब झाले तरी उपाशी ठेवू नका, आईचं दूध चालू ठेवा, क्षारांचं पाणी द्या. राव डॉक्टर बाहेर आले ते थेट माझ्या स्टॉलपाशी. मला म्हणाले, "मी आयुष्यभर उलटं सांगितलं, शेट. दूध बंद, भात बंद, फक्त बार्लीचं पाणी."

सोमवारपासून त्यांनी नवं सांगायला सुरुवात केली. पण ज्या आयांना त्यांनी बार्ली शिकवली होती त्या आता झाल्या होत्या आज्या! सुनेला बार्लीशिवाय काही करू देईनात. अशाच एका आजीबाईंच्या घरी डॉक्टर स्वतः जाऊन उभे राहिले.

आजीबाई म्हणाल्या, "दूध द्यायचं नाही. राव डॉक्टरांनी सांगितलंय."

"अहो, मीच राव!"

आजीबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "तुम्ही आताचे. ते तरुणपणचे राव. ते हुशार होते!"

डॉक्टर तिथेच बसून राहिले. सुनेनं बाळाला पाजलं तेव्हा कुठे उठले.

*

असं करत तास भरत आले. मुदत संपायला थोडे दिवस उरले होते आणि एकच लेक्चर बाकी होतं. तेवढ्यात घरात कोइमतूरला जाण्यावरून मोठं वाजलं. मुलगी फोनवर रडली. राव डॉक्टर म्हणाले, "सरी, बरं, नाही जात लेक्चरला. संपलं." दवाखान्याला आठवडाभर कुलूप. मला निरोप आला, तपासायचं टेबल परत घेऊन जा. मी काही माणूस पाठवला नाही. मन होईना.

रविवारी हॉलबाहेर स्टॉल लावतोय तर रिक्षा थांबली. आधी मामी उतरल्या, मागून शाळेत ओढून आणलेल्या पोरासारखे डॉक्टर.

"आत जा," मामी म्हणाल्या. ते गेले.

मी खुर्ची दिली. "मामी, मग कोइमतूरचं काय?"

"कसलं कोइमतूर! आठवडाभर घरी बसले तर दिवसातून चारदा माझं बीपी बघितलं. मला साखरेचं दुखणं आहे म्हणून कॉफीचा डबा लपवला. मी काय पेशंट व्हायला लग्न केलं होतं?"

दिवसभर मामी माझ्या स्टॉलवर बसून होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरांना बॅगा शेवटी मिळतील म्हणून दटावत होत्या. शेवटचं लेक्चर साखरेच्या पेशंटच्या पायांवर होतं. पायाची जाणीव हळूहळू जाते, लागलेलं कळत नाही, आणि आपण डॉक्टर लोक पेशंटला चप्पल काढायलाच सांगत नाही, असं वक्ते आत सांगत होते.

हॉल सुटला. लोक बॅगा घेऊन बाहेर पडले. राव डॉक्टर आले, हातात सर्टिफिकेट. ते त्यांनी माझ्या टेबलावर टाकलं आणि मामींच्या पुढ्यात गालिच्यावर मांडी घालून बसले.

"पाय दे."

"अय्यो! उठा आधी! सगळे बघतायत!"

"बघू देत. शिकायलाच आलेत."

त्यांनी मामींची चप्पल काढली, पाऊल मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला. जाणारे डॉक्टर थांबले. मीनाक्षी मॅडम थांबल्या. डॉक्टरांचं बोट तळव्यावरून सावकाश फिरत फिरत टाचेपाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"कमला, हे कधी लागलं?"

मामी वाकून म्हणाल्या, "कुठं?"