आपला अर्ज पोचला

आमच्या घरात हातानं लिहिलेला कागद एकदा शिरला की पुन्हा बाहेर पडत नसे. साधी जिऱ्याची पुडी सोडली तरी तिचा कागद मामंजी तळहातानं सरळ करायचे, दोन्ही बाजूंनी वाचायचे आणि मगच तो चुलीत घालायला द्यायचे, तोही मन नसताना. लग्न होऊन मी ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून कल्याणला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी केर काढताना एक चिठोरं उचलून फेकलं होतं. मामंजी स्वतः उकिरड्यापर्यंत गेले आणि ते घेऊन आले. मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "कुणीतरी बसून लिहिलंय ना ते."

मामंजी म्हणजे माझे सासरे. गावाला ते 'मेंबर' होते. नगरपालिकेचे मेंबर पुष्कळ होते, पण नुसतं मेंबर म्हटलं की ते आमचेच. स्वातंत्र्याच्या आधीपासून ते मुंबईच्या विधानसभेत निवडून जात होते. एवढी वर्षं तिथे काढून ते ना मंत्री झाले, ना कुठल्या कमिटीचे अध्यक्ष. माझ्या वडिलांनी एकदा खवचटपणे विचारलं, "तुझे सासरे तिथे करतात तरी काय?" मी खरं तेच सांगितलं. ते प्रश्न विचारतात. अधिवेशन असलं की विचारतात आणि नसलं की घरी बसून पुढचे प्रश्न तयार करतात.

पारनाक्यापाशी आमचं भाड्याचं घर होतं. वरची खोली मेंबरांची. तिथे भिंतीला फळ्या होत्या आणि फळ्यांवर बासनं. लोकांचे अर्ज, सरकारची उत्तरं, प्रश्नांचे मसुदे, सगळं जुन्या लुगड्यांच्या फडक्यांत बांधून ठेवलेलं. लुगडी अर्थात सासूबाईंची. एक लुगडं विरलं की त्या ते धुऊन, फाडून वर पाठवायच्या आणि एका रंगाला एक काम मिळायचं. पाण्याच्या नळाचं काम चिंतामणी रंगात, शाळेच्या इमारतीचं जांभळ्यात, खडवलीच्या साकवाचं डाळिंबीत. फडक्यांवर नाव घालायची पद्धत नव्हती. वरून हाक यायची, "अगं, खडवली?" आणि खालून भाकरी थापता थापता उत्तर जायचं, "डाळिंबी." सरकार कामं बासनात गुंडाळतं, आमच्याकडे ती लुगड्यात गुंडाळतात, असं हे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे. सासूबाईंना त्याचं हसू यायचं. मामंजींना येत नसे.

अर्जाला उत्तर जायचंच. एक ठरलेलं कार्ड असायचं: 'आपला अर्ज पोचला. काम होईलच असे नाही. मी विचारीत राहीन.' त्यातलं मधलं वाक्य गाळावं, असं पक्षातल्या माणसांनी त्यांना परोपरीनं सांगितलं. कशाला उगाच मतं घालवता? मामंजी म्हणायचे, "पोचला ते खरं, विचारीन ते खरं. मधलं तेवढं खोटं का लिहू?" खडवलीचा एक म्हातारा कातकऱ्यांच्या वाटेवरच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, व्हावा म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडाशी यायचा. जिन्याखालूनच विचारायचा, "मेंबर, आमच्या साकवाचा काय झाला वो?" मामंजी खाली येऊन त्याच्याशेजारी पायरीवर बसायचे आणि सांगायचे, "काही झालं नाही." मग दोघं चहा प्यायचे. मला वाटतं, असं तोंडावर नाही म्हणणारा माणूस त्याला दुसरा भेटला नसावा, म्हणून तो येत राहिला.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि या घराचं हसणं गेलं.

मुंबई महाराष्ट्राला मिळायलाच हवी, असं मामंजींना मनापासून वाटत होतं. घरी ते तसं बोलायचे, पक्षाच्या बैठकीत बोलले, वरिष्ठांना पत्रं लिहून बोलले. पण सभागृहात पक्षाचा आदेश याच्या उलट निघाला आणि त्यांनी आदेशाप्रमाणे हात वर केला. त्या संध्याकाळी ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि पाटावर बसलेच नाहीत. सासूबाईंनी विचारलं, "हात वर केलात?"

"केला."

"मनातून?"

"नाही."

"मग जेवा आता. उपाशी राहून तो हात खाली येणार नाही."

ते जेवले. पण तेव्हापासून उजवा हात ते कायम मांडीखाली दाबून बसायचे. आधी माझ्या ते लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर मला बघवेना. राजीनामा का दिला नाही, असं यांनी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "पक्षानं जन्मभर उभं केलं. अडचणीच्या दिवशी उठून जायला मला जमलं नाही. तुला जमलं असतं तर तू माझ्याहून बरा." यात बढाई नव्हती की रडगाणं नव्हतं. ते चुकले असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण चूक अशी उघड्यावर ठेवून बसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग पत्रं येऊ लागली. गद्दार, लाचार, आणि पुढचं मी लिहीत नाही. काहींवर सही नसायची. ज्यांच्यावर असायची त्या प्रत्येकाला मामंजींनी उत्तर पाठवलं: 'आपले पत्र पोचले. आपला राग योग्य आहे.' मग ते पत्र सरळ करून ठेवून द्यायचे. एरवी अर्ज ठेवायचे तसंच.

एका दुपारी बायकांचा मोर्चा आमच्या दारात आला. पुढे इंदूताई होत्या, मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका, स्वभावानं करारी. हातात ताट, ताटात खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या. पुरुषाला बांगड्यांचा आहेर म्हणजे काय, ते कुणी समजावून सांगायला नको. सासूबाई मोरपंखी लुगडं नेसल्या होत्या, नवंच होतं ते. त्या आत गेल्या आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या.

"वहिनी, आम्ही तुमच्याकडे नाही आलो," इंदूताई म्हणाल्या. "मेंबरांना बोलवा."

"बोलावते ना. पण दारात सुवासिनी आल्यात, कुंकू न लावता कशा पाठवू?"

आणि त्यांनी लावायला सुरुवात केली. एकेकीच्या कपाळाला, शांतपणे, कुणाची सून कशी आहे, कुणाचं बाळ रांगतं का, असं विचारत. घोषणा देणाऱ्या बाईनं कपाळ पुढे केलं की तिला ओरडता येत नाही. गर्दी आपोआप गप्प होत गेली. शेवटी सासूबाई उंबऱ्यावर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"हिरवा चुडा परत पाठवायचा नसतो, इंदू. भर माझ्या हातात."

इंदूताई खाली बसल्या आणि बांगड्या भरू लागल्या. भरताना एक बांगडी पिचली. तेवढ्यात मामंजी जिना उतरून आले. ताटात उरलेल्या बांगड्या त्यांनी ओंजळीत घेतल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "आपला अर्ज पोचला."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना दुसरं वाक्यच येत नव्हतं.

त्या बांगड्या एका डबीत घालून त्यांनी शिव्यांच्या पत्रांबरोबर ठेवल्या. बासनाला फडकं हवं होतं. सासूबाईंनी अंगावरचं मोरपंखी लुगडं बदललं आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, फाडून वर दिलं. मी म्हटलं, "अहो, धडकं आहे अजून." त्या म्हणाल्या, "असू दे. बाकीच्यांना जुनी चालली, याला नको."

पुढच्या निवडणुकीत मेंबर पडले, सपाटून पडले. ज्या मतपेट्या त्यांनी हक्काच्या मानल्या होत्या, त्याही रिकाम्या निघाल्या. खडवलीचा साकव त्यानंतर झाला. समारंभाचं आमंत्रण आमच्याकडे आलं नाही. बातमी मात्र तोच म्हातारा चालत येऊन सांगून गेला. मामंजींनी डाळिंबी बासन मागवून घेतलं, वरच्या कागदावर 'झाला' असं लिहिलं आणि गाठ मारली. दिवसभर खुशीत होते. त्यांना खुशीत पाहिल्याची माझी ती शेवटची आठवण.

कारण त्याच थंडीत सासूबाई गेल्या. सवाष्ण गेल्या म्हणून बायका त्यांचं भाग्य म्हणत होत्या. त्या भाग्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. इंदूताई आल्या. मळवट भरताना त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि सोडेनात. हातात त्याच बांगड्या होत्या. सासूबाईंनी त्या कधी उतरवल्याच नव्हत्या.

"या मी भरल्यात," इंदूताई म्हणाल्या. सासूबाई त्या बांगड्यांसकट गेल्या.

त्यानंतर वरून हाक यायची, "अगं," आणि तिथेच तुटायची. मला थोडे रंग ठाऊक होते, सगळे नव्हते. नळाचं काम शोधायला मामंजी अर्धा दिवस बासनं सोडत बसायचे. मग एके दिवशी म्हणाले, "सूनबाई, हे आता गावाला देऊन टाकू. गावाचंच आहे." गावातल्या वाचनालयाला त्यांनी पत्र लिहिलं. त्यांची एकच अट होती, दप्तर एकत्र ठेवायचं.

वाचनालयाचे अध्यक्ष अप्पासाहेब वकील, मामंजींचे जुने स्नेही. ते आले, सगळं पाहून गहिवरले आणि हळूच म्हणाले, "सगळं नेतो. हे मोरपंखी तेवढं राहू दे. तुमच्या नावासाठीच सांगतोय."

"का?"

"पुढच्या पिढीनं तुम्हाला नळासाठी, शाळेसाठी ओळखावं. त्या बांगड्यांसाठी का?"

मामंजींनी ते बासन मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "अप्पा, सोयीचं तेवढंच ठेवायचं तर माझी लग्नपत्रिका लाव भिंतीला. दप्तर कशाला नेतोस?"

अप्पासाहेब रिकाम्या हातांनी गेले. पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. दोघंही एकमेकांवर माया करत होते आणि दोघंही हटत नव्हते. या घोळात वर्ष सरलं. मामंजी खंगत चालले. अंथरुणाला खिळल्यावर रोज सकाळी मला एकच विचारायचे, "नेलं का गं?" मी म्हणायची, "नाही." खोटं बोलावंसं फार वाटायचं, पण त्या माणसाला खोटं सांगायला जीभ रेटत नसे. दप्तर तसंच फळीवर असताना ते गेले. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, तो पाहायला ते नव्हते.

तेरावा झाल्यावर अप्पासाहेब परत आले. बरोबर समितीवर नव्यानं घेतलेल्या इंदूताई होत्या. हे थकले होते. म्हणाले, "न्या तुम्हाला हवं ते. मोरपंखी ठेवतो मी घरी." अप्पासाहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. इंदूताई उठल्या, फळीवरून ते मोरपंखी बासन काढलं आणि छातीशी धरलं.

"हे आधी जाईल," त्या म्हणाल्या. "हा आमचा अर्ज आहे. त्यांनी तो घेतला होता. तुम्ही परत करणारे कोण?"

अप्पासाहेबांनी मान खाली घातली. सगळं दप्तर त्याच दिवशी गेलं आणि आमच्या वरच्या खोलीच्या भिंतीवर फळ्यांचे पांढरे पट्टे तेवढे राहिले.

मध्यंतरी मी वाचनालयात गेले होते. आतल्या ओलसर खोलीत, सर्वांत वरच्या फळीवर मेंबर धूळ खात पडले आहेत. फडकी विटली आहेत, कुठला रंग कुठला ते आता मलाही नीट सांगता येईना. ज्या बासनासाठी ते शेवटपर्यंत अडून राहिले, ते शोधून काढलं. त्याची गाठ मामंजींनी मारलेलीच होती. इतक्या वर्षांत ती कुणी सोडली नव्हती. मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

खाली काढताना आत किणकिण झाली. ग्रंथपाल बाईंनी चमकून पाहिलं. "आजी, काय आहे हो त्यात?"

"अर्ज आहे," मी म्हटलं. "पोचलेला."

त्यांना काही समजलं नाही. मी गाठ सोडली नाही. पदरानं धूळ पुसली आणि बासन खालच्या फळीवर ठेवून आले, कुणाचा तरी हात पोचेल अशा जागी.