पाळण्याखालचं 'टक्'

बहीण पहिल्या बाळंतपणाला मालवणला माहेरी आली ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पुस्तकं घेऊनच. परीक्षा तोंडावर होती आणि अभ्यासाला वेळ एकच, दुपारी बाळ झोपेल तेवढा. मी तेव्हा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. मामा म्हणून मी पाळण्याखाली लावायला एक यंत्र बनवलं: छोटा प्रोसेसर, एक मेमरी चिप, आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर, एक स्पीकर. कळ दाबली की अंगाईची चाल वाजे आणि संपली की यंत्र आपोआप थांबे. बारशाला आलेल्या एका पुढाऱ्यांनी त्यावर विज्ञानयुगाचं भाषण केलं. त्या भाषणानं बाळ उठलं, तो भाग वेगळा.

पण रोज उठवत होतं ते यंत्रच. चाल संपताना स्पीकर 'टक्' करायचा आणि बाळ दचकून रडायचं.

"दादा, ह्या तुझा यंत्र झिलाक निजयता की उठयता रे?" बहीण म्हणाली.

"खारी हवा ती, दुसरा काय!" आई म्हणाली. आमच्याकडे सायकलपासून रेडिओपर्यंत काहीही बिघडलं तरी दोष खाऱ्या हवेचा. मीही तेच धरून चाललो. कळ घासली, सगळं सोल्डरिंग नव्यानं केलं. 'टक्' कायम.

"मी नापास झालंय तर ता पण खाऱ्या हवेमुळाच काय?" बहिणीनं विचारलं.

मग हवेला सोडून मी स्वतःचा प्रोग्रॅम तपासायला घेतला. चाल संपताच मी व्होल्टेज एकदम शून्यावर आणत होतो, त्यामुळे स्पीकरचा पडदा झटका खायचा. आधी आवाज विरू द्यायचा, मग व्होल्टेज पायरीपायरीनं उतरवायचं आणि अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी बंद करायचा, असं करायला हवं होतं.

पण मेमरी चिपवरचा जुना प्रोग्रॅम पुसल्याशिवाय नवा लिहिता येत नाही, आणि तो पुसला जातो अतिनील किरणांनी. त्या किरणांचा खास दिवा माझ्याकडे नव्हता, ऊन होतं. घरापुढच्या खळ्यात आईच्या वाळत घातलेल्या कोकमांच्या सुपात चिप ठेवली. कोरी व्हायला आठवडा तरी जाणार, म्हणजे परीक्षेआधी संधी एकच. त्या आठवड्यात मी कागदावर प्रोग्रॅमची ओळ न् ओळ घोटली, आणि रोज दुपारी भाच्याला खांद्यावर टाकून पडवीत फेऱ्या मारल्या. बहिणीचं वाचन थांबू दिलं नाही.

नवा प्रोग्रॅम भरून चिप बसवली. चाल विरत गेली, संपली. मी पडवीत कान टवकारून उभा. आतून फक्त पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक.

चहाच्या वेळी बहीण पुस्तकात बोट घालून बाहेर आली. "अख्खो धडो झालो रे! गाणा थांबला कधी? माका कळलाच नाय."

"आज हवा बरी आसा मां," आई म्हणाली.