कात्री सर आणि माझं वजन

कात्री सरांइतका भित्रा माणूस मी मॅटवर दुसरा पाहिला नाही. ते आधी सगळ्यांची नखं तपासायचे, मॅटचे सांधे अंगठ्याने दाबून बघायचे आणि मग स्वतःच्या मानेवरून हात फिरवायचे. तरुणपणी ती मान आखाड्यात मुरगळली होती. पुन्हा झटका बसला तर हातपाय जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सर अंबडच्या कोर्टात कारकून. संध्याकाळच्या एसटीने जुन्या जालन्यात येऊन, धान्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आम्हाला ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवायचे. जीव सगळा एकाच डावावर, कात्रीवर. आपण पाठीवर पडायचं, एक नडगी समोरच्याच्या पोटावर आडवी, दुसरा पाय त्याच्या गुडघ्याशी, आणि पाय कात्रीसारखे फिरवून त्याला उलटा करायचा. मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ ते मोबाइलवर इतके हळू लावत, की चहावर साय धरायची. "बघ, हे लोक पायाची घाई करत न्हाईत. आधी बाही ओढून समोरच्याचं वजन अंगावर घेतात. भ्यालेला माणूस ढकलतो, अन् तिथंच फसतो."

त्यांच्या समोरचा म्हणजे मी, भोकरदनकडचा, मातीतल्या कुस्तीचा, नव्वद किलोचा गडी. तीन महिने डाव बसेना. सर पुन्हा व्हिडिओ बघत, पकड बदलत, नडगी चार बोटं वर घेत. खरं तर चूक त्यांची नव्हतीच. गुरूच्या छातीवर भार टाकायचा नाही हे आखाड्यातलं वळण माझ्या हाडात मुरलेलं, त्यात ती मान! निम्मं वजन मी माझ्या गुडघ्यांवरच ठेवत होतो.

एक दिवस त्यांनी ओळखलं. "पैलवान, तू मला फसवून राह्यला."

"सर, तुमची मान..."

"मान माझी हाय. खोट्या वजनावर बसवलेला डाव पोरांना स्पर्धेत बुडवील. टाक पूरं." मानेवरून हात फिरवून त्यांनी माझी बाही धरली.

मी डोळे मिटून भार सोडला. त्यांचा श्वास अडकलेला ऐकू आला. डोळे उघडले तर मी छताकडे बघत पडलेलो, सर माझ्या छातीवर. "बराबर," एवढंच म्हणाले आणि हळूच मान डावी-उजवीकडे फिरवून पाहिली. फिरली. मला रडू आलं.

निवृत्तीनंतर सर मुलीकडे पुण्याला गेले, हॉल माझ्याकडे आला. गेल्या वर्षी माझ्या मणक्यातली गादी सरकली. पोरांना ते ठाऊक आहे, म्हणून ती अंगावर हलकीच टेकतात. मी कमरेवरून हात फिरवतो, मग बाही ओढतो. भीती लपवत नाही.

"पूरं टाक," म्हणतो.