लाल की पिवळा, आणि मिस्टर कुठे?

सकाळी बदलापूरहून निघतानाच ठरवलं होतं, आज कॅमेरा घेतल्याशिवाय कात्रपला घरी परतायचं नाही. रविवारी एका लग्नाचे फोटो काढायचे होते. आयुष्यातलं माझं पहिलं स्वतंत्र काम! आणि बारा वर्षं इमानदारीने चाललेला माझा कॅमेरा नेमका आताच आडमुठेपणा करू लागला होता.

त्याला शेवटची संधी द्यावी म्हणून वाटेत अंबरनाथला उतरले. शिवमंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर कोवळं ऊन पडलं होतं, एकेक मूर्ती उठून दिसत होती. चौथ्या फोटोला शटर अडकलं ते अडकलंच. फुलं विकणाऱ्या मावशी माझी खटपट बघत होत्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं ताई. घरी पोराला दाखव, तो करील नीट." मला मुलगा नाही, हे सांगत बसले नाही.

उल्हासनगरात आधी दालपकवान (कुरकुरीत मोठी पुरी आणि हरभऱ्याची डाळ) खाल्लं. किमतीवरून भांडायचं तर पोटात काहीतरी हवं. मग कॅमेऱ्यांचं दुकान गाठलं. आम्ही हौशी मंडळी दोन कंपन्यांना त्यांच्या कॅमेऱ्यांच्या गळ्यात अडकवायच्या पट्ट्यांच्या रंगावरून 'लाल' आणि 'पिवळा' म्हणतो, आणि फोटो कसे काढता हे विचारण्याआधी जात विचारल्यासारखा पट्टा विचारतो. माझा जुना लाल.

मालकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

"मिस्टर गाडी पार्क करतायत का?"

"मी एकटीच आलेय."

"मग व्हिडिओ कॉल लगाओ ना दीदी. सर बघून घेतील. तसा मी तर लालच बोलेन."

मी कॉलबिल काही लावला नाही. पिवळा उचलला, तर माझ्या लहान हातात असा बसला की मोहच पडला. पण या दोघांच्या लेन्स एकमेकांच्या उलट दिशेने फिरवून बसवाव्या लागतात. सवयीने मी लालसारखीच फिरवली. बसेना.

मालक हसले. "लेडीज को ये भारी पडता है. मोबाईल घ्या ना, सेल्फी मस्त येते!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही कधी एका तरी लग्नाचे फोटो काढलेत?"

"हम तो सिर्फ बेचते हैं, दीदी."

म्हणजे फक्त विकणाऱ्याने वापरणारीला शिकवायचं! पण हात खोटं बोलत नाही. अंतरपाट दूर होतानाच्या त्या एका क्षणी माझा हात असाच चुकला तर? मंगलाष्टकं काही माझ्यासाठी पुन्हा म्हणणार नाहीत. मी लालच घेतला.

"बोला था ना!" मालक खूश. "सर पण हेच बोलले असते."

निवड माझी, कारण माझं आणि श्रेय घरी बसलेल्या नवऱ्याला. तो बिचारा तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होता.

बदलापूरला उतरून शेअर रिक्षात बसले तरी मी मनातल्या मनात त्या दुकानदाराशी भांडतच होते. शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं.

"कॅमेरा वाटतं? कोणाचा?"

मी दमले होते. पुढचे दहा प्रश्न नको होते. तोंडातून निघून गेलं, "मिस्टरांचा."

बाईंनी समाधानाने मान हलवली आणि त्या बाहेर बघू लागल्या. दिवसभरात हा एकच प्रश्न मला कुणी नीट विचारला होता, आणि त्याचंच उत्तर मी खोटं दिलं.